बेचाळीसचा आकडा

पंचशीला सोनकांबळे मूळची लोह्याची. वडील साहेबराव तिथल्या तहसिलीत शिपाई होते. तिचं शिक्षण नांदेडला झालं आणि प्रयोगशाळेची पदविका हातात पडल्यावर ती लातूरच्या एका खाजगी इस्पितळाच्या रक्तपेढीत लागली. ती गोष्ट २०१० सालची. आता २०१६चा एप्रिल चालू होता, ती पस्तिशीला आली होती आणि रक्तपेढीतल्या एफेरेसिसच्या यंत्रावर तिच्याइतका हात बसलेलं दुसरं कुणी तिथं नव्हतं.

यंत्र कपाटाएवढं, खाली चाकं असलेलं. दाता शेजारच्या खुर्चीत पाय लांब करून पडायचा. यंत्र त्याच्या शिरेतून थोडं थोडं रक्त ओढायचं, गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट मिसळायचं आणि आत गरागरा फिरवायचं. फिरताना रक्ताचे थर पडतात. तांबड्या पेशी बाहेरच्या अंगाला जातात, पिवळसर पातळ द्रव आतल्या अंगाला राहतो आणि दोहोंच्या मधे सायीसारखा एक पापुद्रा येतो. त्या पापुद्र्यातल्या प्लेटलेट, म्हणजे वाहतं रक्त थांबवणाऱ्या पेशी, तेवढ्या पिशवीत घ्यायच्या आणि बाकीचं रक्त दात्याला त्याच शिरेतून परत द्यायचं, असं ते काम. तासभर लागायचा. दात्याचं वजन, उंची, प्लेटलेटची संख्या आणि रक्तात तांबड्या पेशी शेकडा किती आहेत तो आकडा, एवढं भरलं की पुढचं गणित यंत्र आपलं आपण मांडायचं.

त्या उन्हाळ्यात गावाच्या नळांना पाणी येणं बंद झालं होतं. मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, ते कुठल्या पेठेला कधी मिळणार यावर रिक्षात, दवाखान्यात, सगळीकडे तेच बोलणं चालायचं. रक्तपेढीतल्या बेसिनच्या नळाला फडकं बांधून ठेवलेलं होतं आणि हात धुवायला बादली व मग होता.

याच दिवसांत वरच्या मजल्यावर सिंधु दाखल झाली. चौतीस वर्षांची, तीन मुलांची आई, रेणापूर तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी चालवणारी. अंगावर काळेनिळे डाग पडले होते आणि दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं ते थांबत नव्हतं. निदान झालं ते रक्ताच्या कॅन्सरचं, पण त्यातल्या, एका औषधाला चांगली दाद देणाऱ्या प्रकाराचं. वॉर्डातल्या डॉक्टरांनी नातेवाइकांना स्पष्ट सांगितलं की ही बाई बरी होऊ शकते, मात्र पहिले तीन-चार आठवडे अवघड आहेत. औषध आपला गुण दाखवेपर्यंत डोक्यात किंवा पोटात रक्तस्राव झाला तर काही हातात राहणार नाही. तोवर बाहेरून प्लेटलेट देत राहायच्या आणि संख्या तीस हजारांच्या वर धरून ठेवायची.

पहिल्या चार दिवसांत तिला तीन दात्यांच्या पिशव्या दिल्या. तिची संख्या आठ हजार होती, ती आठ हजारच राहिली. तीन बाळंतपणांत तिच्या शरीरानं परक्या पेशींविरुद्ध हत्यारं तयार करून ठेवली होती. आलेल्या प्लेटलेट ती घटकाभरात मारून टाकत होती. मग नात्यातल्या लोकांच्या तपासण्या झाल्या. नमुने हैदराबादला गेले. त्यात जुळला तो एकटा तिचा थोरला भाऊ, ग्यानोबा.

ग्यानोबा टँकर चालवायचा. एका अधिग्रहित विहिरीवरून पाणी भरायचं आणि बोरवाडी व आसपासच्या दोन तांड्यांवर रिकामं करायचं, दिवसाला चार खेपा. सरकारी टँकरवर तो एकटाच चालक होता. चाळिशी गाठलेला, उंचीनं बेताचा, सत्तावन्न किलो वजनाचा माणूस. पहिल्या दिवशी तो आला तेव्हा बाहेर बाकावर त्याची आई केवळाबाई बसली होती. तिच्याशी दोन शब्द बोलून तो आत आला आणि चप्पल दाराशी काढली.

"चप्पल राहू द्या पायात," पंचशीला म्हणाली.

"नको. धुराळा हाय लई."

तिनं नेहमीचे प्रश्न विचारले. ताप, कावीळ, गोळ्या, दारू. मग विचारलं, "पाणी किती पिता दिवसाला?"

"पितो की."

"किती?"

"लागंल तेवढं पितो."

तिनं त्याचा दंड बांधला. शीर सापडली, पण बोटाखाली ती पोकळ लागली. नमुना घेतला, प्लेटलेट मोजल्या. एक लाख ब्याण्णव हजार. चांगल्या होत्या. वजन, उंची, संख्या तिनं यंत्रात भरली. तांबड्या पेशींच्या घरात पडद्यावर आधीपासून बेचाळीस दिसत होते, ते तिनं तसेच ठेवून पुढचं बटण दाबलं. पुरुष दाता असला की बेचाळीस, बाई असली की अडतीस, अशी तिथली रीत होती. पेशी मोजायचं यंत्र पलीकडच्या खोलीत होतं आणि तिथून पूर्ण अहवाल यायला वेळ लागायचा. प्लेटलेटचा आकडा फोनवर विचारून घ्यायचा आणि काम सुरू करायचं. सहा वर्षांत त्यानं कधी काही अडलं नव्हतं.

यंत्र सुरू झालं आणि दहाव्या मिनिटाला ओरडलं. शिरेतून पुरेसं रक्त येत नव्हतं. तिनं त्याच्या हातात रबरी चेंडू दिला, दाबायला सांगितलं. पुन्हा चालू झालं, पुन्हा ओरडलं. असं सात वेळा झालं. मधे ग्यानोबाचा फोन सारखा वाजत होता. चौथ्यांदा वाजल्यावर त्यानं मोकळ्या हातानं उचलला आणि एवढंच म्हणाला, "दवाखान्यात हाय. येतो." मग पंचशीलेकडे न बघता सांगितलं, "बोरवाडीचे हायेत. सकाळधरनं घागरी मांडून बसलेत."

एका पिशवीत निदान तीनशे अब्ज पेशी याव्यात अशी अपेक्षा असते. यंत्रानं शेवटी पडद्यावर तीनशे पाच दाखवले. पिशवीतला नमुना मोजला तेव्हा प्रत्यक्षात दोनशे दहा भरले.

सख्ख्या नात्यातलं रक्त द्यायचं तर त्यावर आधी किरण सोडावे लागतात, म्हणून पिशवी तळमजल्यावरच्या कॅन्सरच्या किरणांच्या खोलीतून काढून वर पाठवली. सिंधुची संख्या एकवीस हजारांवर गेली. भावाच्या पेशी तिच्या शरीरानं मानल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मात्र ती बारावर उतरली. पिशवी कमी पडली होती.

रक्तपेढीचे प्रमुख डॉ. ईश्वरप्पा मठपती साठी ओलांडलेले गृहस्थ होते. लातूर उस्मानाबादेतून निघून वेगळा जिल्हा झाला त्या सालापासून ते या गावात रक्ताचं काम करत होते. काचेच्या बाटल्यांत रक्त साठवायच्या दिवसांपासूनचा माणूस. पंचशीला त्यांच्याकडे गेली.

"सर, थराची जागा थोडी वर घेऊ का पुढच्या वेळी? पापुद्रा जास्त येईल."

यंत्राला तशी सोय होती. फिरणाऱ्या रक्तातला तो मधला थर निघायच्या तोंडाजवळ किती आणायचा हे दोन टिचक्यांनी कमीजास्त करता यायचं. जवळ आणला तर प्लेटलेट जास्त मिळायच्या, फारच जवळ आणला तर त्यांच्यामागून तांबड्या पेशीही पिशवीत घुसायच्या.

"कंपनीच्या माणसाला विचारलंस?"

"विचारलं. तो म्हणतो आहे तिथंच ठेवा."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुला काय वाटतं?"

"एक पायरी वर घेतली तर चालेल असं वाटतं."

"घे. पण नजर ठेव."

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, ग्यानोबा पुन्हा आला. पंचशीलेनं थर एक पायरी वर घेतला. पहिली वीस मिनिटं ठीक गेली. मग शीर बसली, यंत्र ओरडलं, थांबलं, आणि पुन्हा फिरायला लागताना थर डगमगला. पिशवीकडे जाणारी नळी पिवळट असायची ती गुलाबी झाली. तिनं बटण दाबेपर्यंत चांगला मोठा घोट आत गेला होता.

ती पिशवी तशी देता येत नव्हती. पुन्हा हलकं फिरवून तांबडं खाली बसवावं लागलं आणि त्यात तिसरा हिस्सा प्लेटलेट गेल्या. हातात उरले एकशे सत्तर अब्ज.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधुच्या नाकातून रक्त सुरू झालं. कापसाचे बोळे कोंबून दोन तासांनी थांबलं. केवळाबाई जिन्यातून खाली आली आणि रक्तपेढीच्या दारात उभी राहिली. ती भांडायला आली असेल असं पंचशीलेला वाटलं. पण तिनं विचारलं, "बाई, त्याच्या रगतात काय कमी हाय का? तसं असंल तर मी त्याला दूध घालते."

"त्याच्यात काही कमी नाही, मावशी. माझ्याकडून चुकलं," पंचशीला म्हणाली.

म्हातारीला ते नीटसं कळलं नाही. ती पदरानं तोंड पुसत वर गेली.

त्या दुपारी दुसरा दाता नव्हता. पंचशीलेनं जुन्या नोंदींची फाईल काढली. प्रत्येक वेळी यंत्रातून कागदाची एक पट्टी निघायची. दात्याचा आकडा, यंत्राचा अंदाज, ओढीचा वेग, किती वेळा ओरडलं, सगळं तिच्यावर यायचं. पिशवीतली खरी मोजणी ती स्वतः मागच्या बाजूला पेनानं लिहून ठेवायची. तिनं जानेवारीपासूनच्या पट्ट्या टेबलावर पसरल्या. जानेवारीत अंदाज आणि खरी मोजणी जवळजवळ सारखीच होती. फेब्रुवारीत थोडी तफावत होती. मार्चपासून पिशव्या सहाव्या हिश्शानं, काही ठिकाणी चौथ्या हिश्शानं कमी भरल्या होत्या. ग्यानोबा एकटा नव्हता. सगळ्यांचंच कमी येत होतं आणि इतरांना थोडं कमी चालून गेलं म्हणून कुणी बोललं नव्हतं.

एक पोलीस हवालदार दर महिन्याला यायचा. त्याच्या चार पट्ट्या तिनं एकाखाली एक ठेवल्या. वजन तेच, संख्या जवळपास तीच, यंत्र तेच. पिशवी दर महिन्याला उतरत गेलेली. तांबड्या पेशींच्या घरात चारही पट्ट्यांवर बेचाळीस.

ती उठून पलीकडच्या खोलीत गेली आणि हवालदाराचे पूर्ण अहवाल शोधून काढले. जानेवारीत खरोखरच त्रेचाळीस होते. एप्रिलमध्ये पन्नास. मग ग्यानोबाचा अहवाल बघितला. पहिल्या दिवशी एक्कावन्न, गुरुवारी बावन्न.

माणसं सुकली होती. अंगातलं पाणी आटलं की रक्त दाट होतं, पेशी एकमेकींना खेटून चालतात. यंत्राला सांगितलं होतं की रक्त बेचाळीसचं आहे. त्या हिशोबानं ते वेगात ओढत होतं, वेगात फिरवत होतं आणि दाट रक्तातून प्लेटलेट सुटून वर यायच्या आतच ते दात्याला परत देऊन टाकत होतं. शीर रिकामी म्हणून वरचेवर थांबतही होतं, आणि दर वेळी थांबलं की थर मोडत होता. थराची जागा मुळात चुकीची नव्हतीच. ती वर घेऊन पंचशीलेनं मोडका थर तोंडाशी आणून ठेवला होता.

मग तिनं पट्ट्या गोळा केल्या आणि डॉक्टरांसमोर नेऊन ठेवल्या.

"बेचाळीस मीच भरत होते, सर. सहा वर्षं."

डॉ. मठपतींनी सगळ्या पट्ट्या सावकाश वाचल्या. "सगळेच भरत होते," ते म्हणाले. "मी कधी विचारलं नाही. पाणी होतं तोवर खपून गेलं." मग कागदावर बोट ठेवून विचारलं, "वेग किती ठेवायचा म्हणतेस?"

"मिनिटाला पन्नास मिलीवर चालतो. पस्तीसवर आणू. थर होता तिथं परत. खरा आकडा भरायचा. वेळ वाढेल, पासष्टऐवजी शंभर-एकशे दहा मिनिटं लागतील."

"सायट्रेट?"

"वेग कमी झाला की तेही सावकाश जाईल. तरी ओठांना मुंग्या येतील, कॅल्शियमच्या गोळ्या आधीच देते."

"आणि सत्तेचाळीसच्या वर रक्त दाटच. बावन्नचे सत्तेचाळीस कसे करणार? ते काही या यंत्रावर होत नाही."

"पाणी पाजून."

डॉक्टर थोडे हसले. बाहेर त्याच वेळी इस्पितळाचा टँकर आला होता आणि पाइप ओढल्याचा आवाज येत होता.

पंचशीलेनं ग्यानोबाला फोन केला. रविवारी दिवसभरात तीन लिटर आणि सोमवारी सकाळी निघण्याआधी एक लिटर पाणी प्यायचं, असं तिनं त्याला दोनदा सांगितलं. तो हाव म्हणाला. सोमवारी सकाळी आला तेव्हा तिनं या वेळी आधी पूर्ण अहवाल मागवला. बावन्न.

"पाणी प्यायलात?"

"हाव."

"ग्यानोबादादा, तुमचं रक्त सांगतंय की नाही प्यायलात."

ग्यानोबा म्हणाला, "टाकीतलं पाणी पिण्याचं न्हाई, ते वापरायचं हाय. पिण्याचं गावातल्या बोरचं. एक हंडा भरायला बायांना दोन तास लागून राहिलेत. तिथं कुणाच्या दारात जाऊन तांब्या मागू? एक गडी रोज चार खेपा पाणी घेऊन येतो आन् त्यो त्यांच्यातलंच पितो. बरं दिसंल का?"

"घरून घेऊन निघायचं."

"घरून एक बाटली घेतो. ती दुपारपत्तूर जाती."

तिनं त्याला खुर्चीत बसवलं नाही. रक्तपेढीच्या फ्रिजमधल्या पाण्याच्या दोन बाटल्या त्याच्यासमोर ठेवल्या, ओआरएसची पुडी घातली आणि सांगितलं की हे सावकाश संपवायचं, दोन तास बसायचं, मग एकशे दहा मिनिटांचं काम सुरू करायचं. त्यानं घड्याळाकडे बघितलं.

"दोन तास? आन् वर एकशेधा मिनिटं? मग आज दोन खेपा गेल्या."

"गेल्या. पण पिशवी पूर्ण भरली तर तुम्हाला गुरुवारीच यावं लागेल. नाही भरली तर बुधवारीही यावं लागेल."

त्यानं पहिली बाटली उघडली. दुसरी अर्धी झाली असताना फोन वाजला. त्यानं उचलला, पलीकडून बाईचा आवाज एवढा मोठा होता की पंचशीलेलाही ऐकू येत होता. त्यानं फोन तिच्यापुढे धरला. "पारूबाई हायेत, बोरवाडीच्या. तुमीच सांगा. मला शब्द सुचत न्हाई."

पंचशीलेनं फोन घेतला. "बोला आजी. मी दवाखान्यातून बोलते."

"कवा सोडता त्याला? हितं लोकं उन्हात हायेत."

"आज दुपारी तीन वाजतील."

"तीन?" मग पारूबाईनं विचारलं, "बहीन लई बिमार हाय का त्याची?"

"बिमार आहे. त्याच्याच रक्तातलं तिला चालतं, दुसऱ्या कुणाचं चालत नाही. आणि त्याच्या अंगात पाणी नाही म्हणून ते नीट निघत नाही. तो दिवसभर पाणी पीत नाही, आजी. तुमच्याकडे मागायला त्याला अवघड वाटतं."

ग्यानोबानं मान खाली घातली. "येडंच हाय मग," पारूबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

दोन तासांनी पुन्हा तपासलं. एकोणपन्नास. पंचशीलेनं यंत्रात एकोणपन्नास भरले. वेग पस्तीस. थर मूळच्या जागी. हाताखाली गरम पाण्याची पिशवी ठेवली आणि सुई घातली. यंत्र सुरू झालं. एका लयीत घुमत राहिलं. ती खुर्ची ओढून नळीसमोर बसली आणि एकशे आठ मिनिटं तिथून उठली नाही. यंत्र दोनदा ओरडलं, दोन्ही वेळा वेग थोडा उतरवल्यावर गप्प झालं. सत्तराव्या मिनिटाला ग्यानोबा म्हणाला की ओठ बधिर झालेत. तिनं गोळी दिली. नळी शेवटपर्यंत पिवळट राहिली.

पिशवीत तीनशे अठरा अब्ज भरले.

सिंधुची संख्या त्या संध्याकाळी अडतीस हजार होती. दुसऱ्या दिवशी एकतीस आणि बुधवारी बावीस. नाकातून, हिरड्यांतून काही आलं नाही. डॉ. मठपतींनी रक्तपेढीच्या भिंतीवर एक कागद चिकटवायला लावला. दात्याचा पूर्ण अहवाल आल्याशिवाय यंत्र सुरू करू नये, सत्तेचाळीसच्या वर आकडा असेल तर आधी पाणी द्यावं, वेग उतरवावा. खाली त्यांची सही होती. हवालदार आला तेव्हा त्यालाही बाकावर बसवून पाणी पाजलं. तो कुरकुरला, पण त्याची पिशवी जानेवारीसारखी भरली.

गुरुवारी ग्यानोबाचा आकडा सत्तेचाळीस आला. पंचशीलेनं अहवाल दोनदा वाचला.

"बरं प्यायलात की या वेळी."

"पाजलं," तो म्हणाला. मग सांगायला लागला. मंगळवारी पहिल्या खेपेला बोरवाडीत टँकर लावला तर पारूबाई तांब्या घेऊन उभी. त्यानं नको म्हणून बघितलं. ती म्हणाली, तू प्यायल्याबिगर पाइप सोडायचा न्हाई. सगळ्या बाया बघत होत्या. त्यानं प्यायलं. तांड्यावरही तेच झालं, तिथं कुणीतरी फोन करून ठेवला होता. दिवसाला चार खेपा, चार तांबे. "लाज वाटती," तो म्हणाला. "पर आता सवय झाली."

नंतरच्या दोन आठवड्यांत तो सोमवार-गुरुवार येत राहिला. त्या दिवशीच्या खेपा पंचायतीनं सकाळी लवकर करून घेतल्या. पिशव्या तीनशेच्या वर भरत होत्या. पण त्याची स्वतःची संख्या उतरत चालली होती. एक लाख ब्याण्णव हजारांवरून एक लाख अठ्ठ्याहत्तर, मग एक लाख सत्तर, मग एक लाख एकसष्ट. अंगातलं परत भरून यायला वेळ लागतो आणि त्याला तेवढा वेळ मिळत नव्हता. पंचशीला दर वेळी त्याला आकडा सांगायची. तो विचारायचा, "जमतंय नव्हं?" ती सांगायची, दीड लाखापर्यंत जमतं. त्याखाली घ्यायची परवानगी नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी त्याची संख्या एक लाख शेहेचाळीस हजार आली. सिंधु त्या दिवशी सव्वीस हजारांवर होती.

"चार हजारांचा काय फरक पडतो?" ग्यानोबा म्हणाला. "मी धडधाकट हाय. घ्या."

"नाही घेता येणार."

"मी लिहून देतो. अंगठा लावा म्हनलं तर अंगठा लावतो."

"लिहून दिलं तरी नाही. तुम्ही गाडी चालवता. कुठं लागलं, कापलं तर तुमचं रक्त थांबायला हवं."

तो उठला नाही. बाही वर केलेली तशीच होती. पंचशीलेला ठाऊक होतं की वेग आणखी उतरवून, कमी रक्त फिरवून अर्धी पिशवी सहज मिळाली असती, आणि ती कुणाच्या लक्षातही आली नसती. तिनं डॉक्टरांना बोलावलं. डॉ. मठपती आले, अहवाल बघितला आणि ग्यानोबाच्या शेजारी स्टुलावर बसले.

"तिच्या औषधाला आज सव्वीस दिवस झाले," ते म्हणाले. "वरच्या डॉक्टरांशी मी बोललो. आता तिची स्वतःची हाडं पेशी बनवायला लागतील, आज नाही तर दोन-तीन दिवसांत. तोवर थांबू. रक्त आलं तर बघू काय करायचं ते."

"आन् तवर काय झालं तर?"

"तर वाईट होईल," डॉक्टर म्हणाले. "पण ते तुझ्या चार हजारांमुळं नसेल."

ग्यानोबानं बाही खाली केली. बाहेर जाऊन आईजवळ बसला. त्या दिवशी तो दुपारची खेप करायला गेला.

मंगळवारी सिंधुची संख्या एकवीस होती. बुधवारी एकोणीस. केवळाबाई दर दोन तासांनी लेकीच्या उशीवर रक्ताचा डाग दिसतो का बघायची. पंचशीला रोज दुपारी वरच्या मजल्यावर फोन करून आकडा विचारायची, इतर वेळी तसं विचारायची पद्धत नव्हती. गुरुवारी सकाळी फोनवर नर्सनं सांगितलं, "तेवीस." पंचशीलेनं विचारलं, "बाहेरून काही दिलं का?" नर्स म्हणाली, काहीच नाही. शुक्रवारी चौतीस झाले. रविवारी साठ.

ग्यानोबाला तिनंच कळवलं. तो विहिरीवर टँकर भरत होता, मागे पंपाचा आवाज होता. "म्हंजी आता मला यायचं न्हाई?" त्यानं विचारलं.

"नाही. महिनाभर तरी नाही."

"बरं," तो म्हणाला. मग म्हणाला, "म्याडम, तुमी पण पानी पीत जा."

सिंधुला सोडायच्या आदल्या दिवशी पंचशीला पहिल्यांदा वर वॉर्डात गेली. पाच आठवडे तिनं या बाईसाठी काम केलं होतं, पण तिला बघितलं नव्हतं. सिंधु खिडकीपाशी बसून मुलांसाठी कागदाच्या घड्या घालत होती. केस विरळ झाले होते, चेहरा सुजल्यासारखा होता. केवळाबाईनं ओळख करून दिली, "ह्याच त्या खालच्या बाई."

पुढचं औषध कधी आहे, मुलं कुणाकडे आहेत, एवढं बोलणं झालं. मग सिंधुनं विचारलं, "दादा किती वेळ बसायचा खाली?"

"एकशे दहा मिनिटं. शिवाय आधी दोन तास."

"मला म्हणायचा, पाच मिनिटांत होतंय." तिनं हातातली घडी उलगडली, पुन्हा घातली. "तेवढा वेळ काय करायचा मग?"

"पहिल्या एक-दोन वेळा फोन घ्यायचा. नंतर झोपायचा."

"झोपायचा?"

"घोरायचा पण."

केवळाबाई हसली. सिंधु हसली नाही. तिनं खिडकीतून खाली बघितलं. खाली आवारात इस्पितळाचा टँकर लागला होता. चालक केबिनच्या सावलीत उकिडवा बसून पाइपमधून पडणाऱ्या पाण्याकडे लक्ष ठेवून होता. पंचशीलेला खालून फोन आला की दाता येऊन बसलाय. ती निघाली.